भाजी ओव्हनमध्ये, बाई खुर्चीत!

प्रत्येक देशात एक तरी भाजी अशी असते, की जिचं नुसतं नाव काढलं तरी घरातली पोरं पानावरून उठायला बघतात. आपल्याकडे हा मान कारल्याचा. काही घरांत दुधी आणि पडवळ त्याच्या मागोमाग असतात. इंग्लंडमध्ये हा मान कित्येक पिढ्या एकाच भाजीकडे आहे. तिचं नाव ब्रसेल्स स्प्राउट्स. नावात ‘स्प्राउट्स’ आहे म्हणून मोड आलेली मटकी डोळ्यांपुढे आणू नका हं! हे असतात चक्क कोबीचे गड्डे, फक्त अगदी इवलेसे. मोठा असला तर लिंबाएवढा, लहान असला तर बोराएवढा. पण पानावर पान, आत पांढरट दांडा, सगळं कोबीसारखंच. भातुकलीच्या खेळातला कोबी म्हणा ना!

माझी लेक इंग्लंडला असते, त्यामुळे गेल्या काही वर्षांत दोन-तीन हिवाळे माझे तिकडे गेले. या भाजीला मराठीत रुळलेलं नाव नाही, पण माझ्या नातीनं ठेवलंय ‘कोबीची पिल्लं’. घरात आम्ही सगळे आता तेच म्हणतो.

ही पिल्लं वाढतात कशी, ते बघण्यासारखं असतं. आपला कोबी जमिनीलगत एकटाच बसलेला असतो. याचं तसं नाही. दोन-तीन फूट उंच जाड दांडा, त्याला खालपासून वरपर्यंत पानं, आणि प्रत्येक पानाच्या बेचक्यात एकेक गड्डा. वर टोकाला पानांचा झुपका. डिसेंबरात तिथल्या बाजारात हे अख्खे दांडेच विकायला येतात. तो दांडा खांद्यावर टाकून चाललेला माणूस पाहिला की मला आपला गदाधारी मारुतीच आठवतो! थंडीचं हे पीक. इंग्लंडच्या पूर्वेकडच्या लिंकनशायर परगण्यात त्याची मोठी शेती आहे. हिम पडून गेलं की गड्ड्यांतली गोडी वाढते, असं तिथले जाणकार सांगतात. थंडीत तग धरायला झाड आपल्या पानांत साखर साठवतं, त्याचा हा फायदा.

नाव बेल्जियमच्या राजधानीवरून पडलं, कारण त्या भागात ही भाजी पूर्वीपासून पिकत आली. तिथून ती युरोपभर गेली, पुढे अमेरिकेतही. तिथे कॅलिफोर्नियाच्या समुद्रकाठच्या थंड पट्ट्यात ती पिकते. आता एक गंमत सांगते. हे कोबीचं पिल्लू, आपला नेहमीचा कोबी, फ्लॉवर, नवलकोल आणि हल्ली मॉलमध्ये दिसणारी ब्रोकोली, या सगळ्या वनस्पतिशास्त्राच्या हिशेबानं एकाच जातीच्या भाज्या! माणसानं शेकडो वर्षं निवड करत करत कुणाचं पान वाढवलं, कुणाचं फूल, कुणाचा दांडा, तर कुणाच्या बेचक्यातले कोंब. म्हणजे एकाच घरातली भावंडं, रूप मात्र वेगवेगळं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे आपल्याला उपयोगी पडणार आहे.

तर अशा या गोजिरवाण्या भाजीनं कुणाचं काय घोडं मारलं? तिला एवढी नावं का ठेवायची?

याचं उत्तर मला लेकीच्या शेजारच्या आजींकडून मिळालं. ऐंशीच्या घरातल्या, ताठ चालणाऱ्या बाई. नाताळच्या जेवणात टर्की, भाजलेले बटाटे, ग्रेव्ही आणि त्यांच्या जोडीला ही भाजी हवीच, अशी तिथली रीत. आपल्या पानात डाव्या बाजूला चटणी-कोशिंबीर असते ना, तसं ते त्यांचं तोंडीलावणं. आजी म्हणाल्या, ‘आमच्या लहानपणी घरी काय नि शाळेत काय, स्प्राउट्स म्हणजे उकडलेलेच. उकडून उकडून रंग जायचा शेवाळी, आणि वास घरभर.’ तिकडे एक जुना विनोदच आहे, की नाताळच्या जेवणाचे स्प्राउट्स नोव्हेंबरातच गॅसवर चढवायचे असतात! डच लोकांच्या भाषेत तर या वासासाठी खास शब्द आहे, ‘स्प्राउटजेसलुख्त’च्या जवळपास जाणारा त्याचा उच्चार. शब्दशः अर्थ ‘स्प्राउट्सचा वास’, पण तो वापरतात कोत्या मनाच्या, कोंदट वातावरणाच्या घराला उद्देशून. एका भाजीच्या वासावरून माणसांच्या मनाचं वर्णन! बिचाऱ्या भाजीची केवढी ही बदनामी.

खरं तर यात भाजीचा दोष थोडा आणि पाण्याचा फार. कसा ते सांगते.

या सगळ्या कोबी-कुटुंबात गंधक असलेली काही द्रव्यं असतात. त्यातल्या एकाचं नाव सिनिग्रिन. नाव परकं वाटलं तरी वस्तू आपल्या ओळखीची आहे, कारण तीच आपल्या मोहरीतही असते. आपण लोणच्यासाठी मोहरी फेसतो तेव्हा नाकात जी झणझण जाते ना, ती याच सिनिग्रिनची करामत. मोहरीचा दाणा अख्खा असेपर्यंत गप्प असतो. तो चिरडला, त्याला पाणी लागलं, की आतलं एक पाचक द्रव्य सिनिग्रिनला फोडतं आणि झणका उठतो. कोबीच्या पिल्लांतही हेच होतं. चिरलं, चावलं की थोडा उग्रपणा, थोडा कडूपणा. आणि तीच भाजी पाण्यात जितकी जास्त वेळ उकडावी, तितके गंधकाचे उग्र वास जास्त सुटतात. म्हणजे वासाचं मूळ भाजीत, पण ते उकरून काढायचं काम पातेल्यातलं पाणी करतं.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी कितीही खळाखळा उकळलं तरी ते १०० अंश सेल्सियसच्या वर तापत नाही. आणि भाजीला तो खरपूस तांबूस रंग, तो भाजका गोडसर वास यायला साधारण १४० अंशांच्या वरची कोरडी धग लागते. भाकरीला पडणारे डाग, भाजलेले शेंगदाणे, तव्यावरची खरपूस थालीपीठं, या सगळ्याची चव त्या धगीची. उकडलेल्या भाजीला ती कधीच मिळत नाही, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. आमच्या खानदेशात हिवाळा आला की शेतात कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्या पेटवून त्यात भरताची वांगी भाजतात. वांगं उकडून भरीत करा म्हटलं, तर आमच्याकडे त्या सुनेला गावभर प्रसिद्धी मिळेल! रायगडकडे थंडीत पोपटी लावतात, त्यात मडक्यात वालाच्या शेंगा घालून भोवती जाळ करतात, पाण्याचा थेंब घालत नाहीत. भाजण्याची किंमत आपल्याला पूर्वापार ठाऊक आहे.

तेच शहाणपण आता तिकडेही आलंय. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या भाजीचं नशीब पालटलं, त्याला दोन कारणं झाली. पहिलं कारण बियाण्याचं. १९९०च्या दशकात नेदरलँड्समधले शास्त्रज्ञ हान्स व्हॅन डोर्न यांनी नेमका कडूपणा कशामुळे येतो, ती द्रव्यं शोधून काढली. मग बियाण्याच्या कंपन्यांनी जपून ठेवलेली जुनी वाणं लावून बघितली, त्यातली कमी कडू वाणं निवडली आणि भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. त्यामुळे आज बाजारात मिळणारे स्प्राउट्स शेजारच्या आजींच्या लहानपणच्या स्प्राउट्सपेक्षा खरोखरच सौम्य आहेत. दुसरं कारण स्वयंपाकाचं. अमेरिकेतल्या हॉटेलांत शेफ मंडळींनी ही भाजी पाण्यातून बाहेर काढली आणि कडक आचेवर भाजायला घेतली. न्यूयॉर्कच्या डेव्हिड चँग या शेफनं आपल्या मोमोफुकु या हॉटेलातली अशी एक पाककृती २००९ सालच्या पुस्तकात दिली. भाजलेले स्प्राउट्स, त्यावर आंबट-गोड-तिखट मासळीचा सॉस, पुदिना आणि वरून फुगवलेले कुरकुरीत तांदूळ. मी ऐकलं आणि म्हटलं, अगं, ही तर भेळ झाली!

आता प्रत्यक्ष करायचं कसं ते सांगते. ही लेकीची पद्धत, मी तिच्या ओट्याशेजारी उभी राहून नीट पाहिलेली.

अर्धा किलो स्प्राउट्स घ्यायचे. बुडाचा सुकलेला भाग पातळसा कापून टाकायचा, वरची पिवळी पानं काढायची आणि प्रत्येक गड्ड्याचे दांड्यासकट उभे दोन भाग करायचे. तिकडे पूर्वी बुडाला सुरीनं फुलीसारखी चीर देत, भाजायचं असेल तर त्याची काही गरज नाही. मग धुऊन, निथळून, सुती फडक्यावर पसरून अगदी कोरडे करायचे. मैत्रिणींनो, ही पायरी गाळू नका. भाजी ओली राहिली की ओव्हनची सगळी धग आधी ते पाणी वाळवण्यात जाते आणि भाजी भाजायच्या ऐवजी वाफवली जाते.

कोरड्या भाजीवर दोन मोठे चमचे तेल, पाऊण चमचा मीठ आणि थोडी भरड मिरपूड घालून हातानंच चोळायचं, म्हणजे पानापानाला तेल लागतं. ओव्हन आधी २०० अंशांवर चांगला तापवून घ्यायचा. ट्रेमध्ये सगळे अर्धे गड्डे एकाच थरात मांडायचे आणि कापलेली बाजू खाली ठेवायची. त्या सपाट बाजूला ट्रेचा थेट चटका बसतो, तिथेच तो तांबूस रंग आणि गोडी येते. एकावर एक ढीग करायचा नाही. दाटीवाटी झाली की परत वाफ धरते. भाजी जास्त असली तर दोन ट्रे करा. सुटी झालेली पानं फेकू नका, तीही ट्रेवर टाका. त्यांचे इतके छान कुरकुरीत पापुद्रे होतात, की आमची नात टेबलावर यायच्या आधीच ते ‘वेफर’ म्हणून संपवते.

मग ट्रे आत सरकवायचा आणि वीस ते पंचवीस मिनिटं त्याला हात लावायचा नाही. ढवळायचं नाही, परतायचं नाही, झाकण नाही, पाण्याचा शिपका नाही. सुरी सहज आत गेली आणि खालची बाजू खरपूस झाली, की झालं. लसूण हवा असेल तर ठेचून शेवटच्या पाच मिनिटांत घाला, आधी घातला तर करपून कडू होतो. बाहेर काढल्यावर अर्धं लिंबू पिळा. लेक वरून थोडा मध घालते, जावई मात्र मध न घालता खातात.

हे ‘हात लावायचा नाही’ प्रकरण आपल्यासारख्यांना फार जड जातं बरं का! आपला हात म्हणजे सदा उलथन्यावर. माझी आई चुलीसमोर बसायची ती सगळ्यांची जेवणं उरकेपर्यंत. गरम भाकरी ताटात पडली पाहिजे म्हणून ती स्वतः शेवटी जेवायची, आणि तोवर कालवण निवलेलं असायचं. मी गॅससमोर उभी राहिले, पण गोष्ट तीच. एक पाय इकडे, एक पाय तिकडे, भाजी परत, पोळी उलट, कुकरच्या शिट्ट्या मोज. त्या तासाभरात घरातलं कुणी काही सांगायला आलं तर आपण ‘हं, हं’ करतो, पण लक्ष असतं तव्यावर. कितीतरी गोष्टी अशा ‘हं’मध्येच विरून गेल्या असतील.

इंग्लंडमध्ये डिसेंबरात दुपारी चारलाच अंधार पडतो. लेक सहाच्या सुमाराला कामावरून यायची. धाकटं बाळ पाळणाघरातून, थोरली शाळेतून, हातात दोन पिशव्या, तोंडावर दिवसभराचा शीण. दर रविवारी फोनवर मी विचारायची, ‘कशी आहेस गं?’ आणि ती म्हणायची, ‘मस्त, आई.’ समोर पाहिल्यावर त्या ‘मस्त’चा अर्थ निराळा दिसत होता. पण विचारणार कधी? आली की ती स्वयंपाकाला लागायची, मी तिच्या मागे, जावई मुलांच्या मागे.

एके दिवशी जावयांनी स्प्राउट्स चिरून ठेवले होते. लेकीनं ट्रे आत सरकवला, घड्याळाचा काटा लावला आणि मला म्हणाली, ‘आई, आता पंचवीस मिनिटं तिकडे बघायचंसुद्धा नाही. तू बस, मी पण बसते.’ आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्याच टेबलाशी बसलो. सुरुवातीची पाच मिनिटं इकडचं तिकडचं झालं. मग ती एकदम म्हणाली, ‘नोकरी सोडावी असं वाटतंय गं. जमत नाहीये.’ आणि मग बोलतच राहिली. दुसऱ्या बाळानंतर कामावर परतल्यापासून रात्रीची झोप नाही, ऑफिसात कुणी काही बोलत नाही पण नजरा कळतात, घरी आलं की मुलांवर चिडचिड होते, मग रात्री त्याचंच वाईट वाटतं. एवढी शिकलेली, सगळ्यांना धीर देणारी माझी पोर, ओव्हनच्या मिणमिणत्या दिव्याकडे बघत हे सगळं सांगत होती.

माझ्या ओठांवर दहा गोष्टी आल्या. सोड, घरी बस, असं म्हणावं. नको सोडूस, मी आणखी सहा महिने राहते, असंही म्हणावं. आमच्या वेळी आम्ही कसं निभावलं ते सांगावं. पण काही बोलले नाही. तिचा हात हातात धरून नुसती ऐकत बसले. बाई आधी मनातलं सगळं बाहेर काढते, मग तिचं तिलाच दिसायला लागतं. मध्ये कुणी सारखं ढवळलं की तळाशी काय आहे ते कळतच नाही.

काटा वाजला. ती उठली, डोळे पुसले, ट्रे बाहेर काढला. घरभर भाजक्या शेंगदाण्यासारखा वास सुटला होता. त्या हिवाळ्यात आम्ही आठवड्यातून दोन-तीनदा तरी ही भाजी केली, आणि प्रत्येक वेळी ती पंचवीस मिनिटं आमची. पुढे नवरा-बायकोनं मिळून विचार केला. तिनं ऑफिसात आठवड्यातून चार दिवसांचं काम मागितलं, ते मिळालं. पगार कमी झाला, पण बुधवारची सुट्टी आली. निर्णय तिचा तिनं घेतला. मी फक्त समोर बसले होते.

भाजीनं संसार सावरला असं मी म्हणणार नाही, तसं काही नसतं. पण संध्याकाळच्या घाईत घरातल्या बाईला बसायला वेळ देणारी भाजी मला तरी दुसरी माहीत नाही.

आता नातीचं सांगते. तिला ही भाजलेली पिल्लं आवडतात, पण तिच्या वर्गातल्या मैत्रिणीनं आमच्याकडे जेवताना एक घास घेतला आणि ‘कडू!’ म्हणून बाजूला ठेवला. आपण अशा मुलांना चटकन ‘नखरेल’ म्हणतो. पण कडू चव सगळ्यांना सारखी लागत नाही, हे विज्ञानानं सिद्ध केलंय. अमेरिकेत १९३१ मध्ये आर्थर फॉक्स नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत एक पूड हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, किती कडू आहे ही! आणि फॉक्स यांना तर काहीच चव लागेना. त्या गमतीतून शोध सुरू झाला आणि कळलं, की हा फरक आई-वडिलांकडून येतो. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी त्यामागचं जनुकही शोधून काढलं. कोबीच्या कुटुंबातला कडूपणा काहींच्या जिभेला जास्त जाणवतो, त्याचा याच्याशी संबंध आहे. शिवाय लहान मुलांची जीभ कडू चवीला मोठ्यांपेक्षा जास्त हळवी असते. तेव्हा एखाद्या पोरानं मेथी किंवा कारलं बाजूला सारलं, तर रागावण्याआधी एवढं आठवा. जबरदस्ती करण्यापेक्षा खरपूस भाजून, थोडा गूळ-लिंबू लावून पुन्हा एकदा पुढे ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात मी या भाजीला आपला हात लावला. भाजून निघालेल्या स्प्राउट्सवर फोडणीच्या पळीत तेल तापवून मोहरी, हिंग, कढीपत्ता, दोन सुक्या मिरच्या अशी चरचरीत फोडणी ओतली, वर मूठभर दाण्याचा जाडसर कूट, चिमूटभर गूळ आणि लिंबू. मोहरी आणि कोबी नात्यातलेच, त्यामुळे एकमेकांना ओळखायला त्यांना वेळ लागला नाही! शेजारच्या आजींना वाटीभर नेऊन दिली. त्यांनी उभ्या उभ्याच संपवली आणि विचारलं, ‘हे काळे दाणे कसले?’ आता त्यांच्या फडताळात मोहरीची बाटली आहे. भाजी उरलीच तर त्यांनी मला एक जुना प्रकार शिकवला. आदल्या दिवशीची उरलेली भाजी उकडलेल्या बटाट्यात कुस्करून तव्यावर थापायची आणि खरपूस परतायची. तव्यावर होणाऱ्या आवाजावरून तिकडे त्याला ‘बबल अँड स्क्वीक’ म्हणतात. आपल्या कटलेटची सख्खी बहीण.

‘पण ताई, आमच्या गावात हे स्प्राउट्स मिळणार कुठे?’ हा प्रश्न तुमच्या मनात कधीचा आलाय, ठाऊक आहे मला. मोठ्या शहरांतल्या काही दुकानांत ते मिळतात, पण महाग. तेव्हा आठवा, ही भावंडं आहेत. आपल्या मंगळवारच्या बाजारातला कोबी, फ्लॉवर, नवलकोल याच घरातले. पद्धत तीच लावा.

फ्लॉवरचे मध्यम तुरे कोरडे करून, तेल-मीठ चोळून घरच्या छोट्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर पंचवीस ते तीस मिनिटं ठेवा. नवलकोल सोलून बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा, त्याला पाच मिनिटं जास्त लागतात. हल्ली बऱ्याच घरांत एअर फ्रायर आलाय, त्यात १८० अंशांवर बारा-पंधरा मिनिटांत काम होतं. मध्ये एकदा डबा हलवला की पुरे.

आणि ओव्हन नसला, किंवा नेमकी वीज गेली, तरी काही अडत नाही. कोबीच्या एका लहान गड्ड्याचे दांड्यासकट सहा किंवा आठ उभे काप करा. दांडा ठेवायचा, म्हणजे पानं सुटत नाहीत. बिडाचा नाहीतर लोखंडी तवा चांगला तापवा, दोन चमचे तेल पसरा, काप सपाट बाजूवर ठेवा आणि मध्यम आचेवर सहा-सात मिनिटं तसेच राहू द्या. उलथनं हातात घेऊ नका! खालून तांबूस झाले की एकदाच उलटा, पुन्हा पाच-सहा मिनिटं. आतून मऊ हवा असेल तर अगदी शेवटी दोन मिनिटं झाकण. मग मीठ, फोडणी, कूट, लिंबू. ज्वारीच्या भाकरीबरोबर खाऊन बघा.

थोडं आरोग्याचंही सांगते. १०० ग्रॅम कच्च्या स्प्राउट्समध्ये सुमारे ८५ मिलिग्रॅम क जीवनसत्त्व, जवळजवळ ४ ग्रॅम तंतू आणि ३ ग्रॅमहून थोडी जास्त प्रथिनं असतात. क जीवनसत्त्व पाण्यात विरघळतं, त्यामुळे उकडून पाणी ओतून दिलं की त्यातलं बरंच मोरीत जातं. भाजताना निदान ते पाण्याबरोबर वाहून जात नाही. एक काळजी मात्र घ्या. या भाजीत के जीवनसत्त्वही भरपूर असतं. घरात कुणाला रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर अशा भाज्या एकदम वाढवू किंवा बंद करू नका, डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.

तर या आठवड्यात एक संध्याकाळ ठरवा. कोबी असो, फ्लॉवर असो, जे घरात असेल ते भाजायला ठेवा. घड्याळ लावा. आणि ओट्यापासून दूर होऊन खुर्ची ओढा. समोर सासूबाईंना बसवा, लेकीला बसवा, सुनेला बसवा, नाहीतर मुलाला. तुमच्या घरातही कुणीतरी ‘मस्त’ म्हणत असेल, त्यांना एकदा सावकाश बोलू द्या. भाजी करपायची नाही, मी सांगते ना!